भार्गवीचं आभाळ आणि माझ्या चोवीस नळ्या

भार्गवी माझी धाकटी बहीण. सख्खी. माझ्याहून सात वर्षांनी लहान, आणि अकलेनं किती मोठी ते मोजायला माझ्याकडे पट्टी नाही. बहीण आहे म्हणून हा फुगवून सांगतोय असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. सत्याण्णव साली बंगळुरात कॉम्प्युटरवर बसून आतषबाजी आखणारी दुसरी कुणी पोरगी तुम्हाला ठाऊक असेल तर नाव सांगा, मी ऐकून घेतो. मला तरी आजवर कुणी सांगितलेलं नाही.

मी दामोदर. आम्ही इथलेच. आजोबा पलटणीबरोबर बेळगावहून आले आणि शिवाजीनगरच्या मागच्या गल्लीत राहिले ते राहिलेच. घरात मराठी, दाराबाहेर कानडी, बाजारात जे चालेल ते. माझी शाळा दहावीला संपली. गणितात नाही हां, इंग्रजीत राहिलो. पण पीण्याच्या कारखान्यांत जाऊन विचारा, लेथवर दामोदरचा हात कसा आहे. पाईपात बोट फिरवून मी सांगतो अजून किती माल काढायचा राहिलाय. डिप्लोमावाले माझ्या मागे उभे राहून बघतात. बाबा गेले तेव्हा भार्गवी नववीत होती. तिचं पॉलिटेक्निक, तिची सायकल, तिचा कॉम्प्युटरचा क्लास, सगळं ह्या हातांनी. उपकार म्हणून नाही सांगत, सांगायचं राहून जाऊ नये म्हणून सांगतो.

लहानपणी ही पोरगी फटाक्यांना जाम घाबरायची. दिवाळीत मी गल्लीत सुतळी बॉम्ब लावायचो आणि ही कानात कापूस, कापसावर बोटं, आणि नाक खिडकीच्या गजाला लावून बसायची. आवाज नको, पण बघायचं मात्र सगळं. कुठलं रॉकेट कुठवर गेलं, किती वेळानं फुटलं. आत जाऊन आईला सांगायची, "त्या हिरव्यानं चार आकडे घेतले." आमची आई कौशल्याबाई म्हणजे तोंडाला लागू नये अशी. ती म्हणायची, "रॉकेटचे आकडे बरे मोजता येतात, सातचा पाढा म्हणताना झोप येते!"

पॉलिटेक्निक झाल्यावर ती इंदिरानगरला एका लहान कंपनीत लागली. पगारपत्रकं, बिलं, असले प्रोग्राम लिहायची. तिथं शांतवीरप्पा गिऱ्हाईक म्हणून आले. शिवाजीनगरात त्यांचं डेकोरेशनचं मोठं दुकान: मांडव, लाइटिंग, आणि समारंभाला आतषबाजीचं कंत्राट. त्यांना बिलांचा प्रोग्राम पाहिजे होता. धंदा समजून घ्यायला म्हणून भार्गवी त्यांच्या एका कार्यक्रमाला गेली. तिथं बँड एकीकडे, आतषबाजी एकीकडे. गाणं संपलं, वाजवणारे पेटीत पिपाण्या भरायला लागले, तरी वर आपले गोळे फुटतायत. दुसऱ्या दिवशी ती शांतवीरप्पांना म्हणाली, "सर, बिलाचं होऊन जाईल. पण ते गोळे गाण्याच्या ठेक्यावर फुटायला पाहिजेत. ते करता येईल."

(हे सगळं कानडीत झालं. मी मराठीत सांगतोय.)

शांतवीरप्पा हसले. पण माणूस धंद्यातला, हसता हसता ऐकतो. सहा महिने तिच्या कंपनीकडून तिचे अर्धे दिवस मागून घेतले आणि म्हणाले, "एक कार्यक्रम देतो. फक्त एक. जमलं तर जानेवारीपासून माझ्या सगळ्या आतषबाजीचं काम तुझं, वेगळी खोली, वेगळा कॉम्प्युटर. नाही जमलं तर परत बिलं, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. सरी?"

"सरी," भार्गवी म्हणाली. म्हणजे ठीक आहे.

त्या दिवशी ती जेवली नाही. मी विचारलं, अगं आनंदाची गोष्ट ना ही? तर म्हणाली, "अण्णा, आजपर्यंत मला दिलेलं सगळं मी नीट केलं. पण हे मी मागून घेतलंय." आणि ताट सरकवून पडद्यासमोर बसली.

तो प्रोग्राम मी बघितलाय. पडद्यावर काळं आभाळ. खाली गाण्याची आडवी रेघ, सेकंदांच्या खुणा मारलेल्या. एकेका गोळ्याला एक ओळ: नळी नंबर, रंग, चढायला किती वेळ, पेटवायचं कधी. गोळा नळीतून सुटला की वर जाऊन फुटायला जवळजवळ तीन सेकंद घेतो. म्हणजे ढोलाच्या थापेवर फूल उमलायला पाहिजे, तर थापेच्या तीन सेकंद आधी ठिणगी पडायला पाहिजे. ही वजाबाकी प्रोग्राम करायचा. बटण दाबलं की पडद्यावर ठिपका चढायचा आणि बरोबर थापेवर उघडायचा. कॉम्प्युटरमधून वायर एका पेटीत, पेटीतून साठ वायरी साठ नळ्यांना, प्रत्येक वायरीच्या टोकाला विजेनं पेटणारी काडी. पेटीचा पत्रा मी वाकवला. शेजारच्या वासंतीअक्काला मी सांगून टाकलं, आमची भार्गवी आता आभाळात रांगोळी काढणार. आई आतून ओरडली, "आधी दारातली काढायला सांग!"

वेळ मोजायला आम्ही दर रविवारी पीण्याच्या पुढच्या ओसाड माळावर जायचो. बरोबर एळुमलै. हा शांतवीरप्पांचा जुना दारूकामवाला, साठीचा, चाळीस वर्षं हातानं वाती लावलेल्या. उजव्या कानानं त्याला अजिबात ऐकू येत नसे, बोलायचं तर डाव्या बाजूला जाऊन उभं राहायचं. भार्गवी त्याला ताता म्हणायची, म्हणजे आजोबा. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "अम्मा, तुझ्या मशीनला कान आहेत?"

"नाहीत, ताता."

"मग ते गाणं कसं ऐकणार? मला एकच आहे, पण आहे."

भार्गवी हसली आणि कानात कापूस घालून घड्याळ धरून उभी राहिली. तो गोळा सोडायचा, ती आकडा सांगायची, मी वहीत लिहायचो. दोन पूर्णांक सात. दोन पूर्णांक नऊ. तीन महिने हेच. तिसऱ्या महिन्यात एळुमलै स्वतःच तिच्या पडद्यासमोर बसून म्हणायला लागला, हा लाल इथं नको, आधीच्याचा धूर आड येईल. ती मुकाट्यानं हलवायची.

आता नळ्या. नळी म्हणजे एक बाजू बंद केलेला लोखंडी पाईप, वाळूत उभा करायचा, आत गोळा. साठ पाहिजे होत्या आणि त्या मी सोडून दुसरं कोण करणार? ड्रॉइंग भार्गवीनं काढलं, एळुमलैला विचारून. गोळा सत्तर मिलीमीटर, नळी आतून शहात्तर. छत्तीस मी तशाच केल्या. बाजारात पाईपच शहात्तरचा येतो. कापला, तळाला प्लेट वेल्डिंग केली, झालं. राहिल्या चोवीस. त्या शेवटच्या दीड मिनिटासाठी, जिथं सगळं आभाळ एकदम भरून टाकायचं होतं.

ते ड्रॉइंग बघून माझं डोकं फिरायचं. सहा मिली सैल! आमच्याकडे असं काम नेलं तर तपासणारा पार्ट अंगावर फेकतो. सैल नळीतून गोळा वाकडा जाणार, ह्याची मला खात्री होती. पोरगी कॉम्प्युटरची, म्हातारा वातीचा, लोखंडाचं दोघांनाही काय कळतं? मी जाड पाईप आणला आणि चोवीसच्या चोवीस लेथवर आतून बोर केल्या. साडेएकाहत्तर. आत तोंड दिसेल अशा. नमुन्याचा रिकामा गोळा वरून सोडला की आतल्या हवेवर तरंगत, सुस्कारा टाकत, लिफ्टसारखा खाली जायचा. शेडमधले सगळे बघायला जमले. एकानं शिट्टी मारली.

भार्गवीनं विचारलं होतं, "अण्णा, ड्रॉइंगप्रमाणे ना?"

"तुझ्या ड्रॉइंगपेक्षा भारी," मी म्हणालो.

ती हसली. मी नेहमीच असं बोलतो. भाजी आणली तरी बाजारातली सगळ्यात भारी म्हणूनच देतो. तिला वाटलं, हेही त्यातलंच.

कार्यक्रम होता एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, एका मोठ्या कारखान्याच्या वसाहतीच्या मैदानावर. संध्याकाळी सात वाजता, बारा मिनिटं. गाणी कानडी, ढोल आणि नादस्वराची, म्हणजे इकडच्या लांब सनईची. सकाळपासून आभाळ भरलेलं आणि बारीक भुरभुर चालू. भिजवणारी नाही, पण कपडे वाळू न देणारी. गोळे गावाबाहेरच्या गोदामातून टेम्पोत आले, वर ताडपत्री होती. तरी हवाच ओली, ताडपत्री काय करणार?

दुपारपासून एळुमलै नळ्या भरत होता. छत्तीस बिनबोभाट भरल्या, काड्या जोडून झाल्या. चारच्या सुमाराला तो माझ्या चोवीस नळ्यांपाशी आला. मी मुद्दाम जवळ उभा होतो. म्हटलं, आता सुस्कारा ऐकेल आणि मान वर करून विचारेल, कुणी केल्या?

पहिला गोळा अर्ध्यात थांबला.

एळुमलैनं बोटानं जरासं चाचपलं आणि सोडून दिला. दुसरा. तोही अर्ध्यात. तिसरा तर वरच अडकला, टकलासारखा दिसत राहिला. एळुमलै उठला, चार पावलं मागे आला आणि हात पुसत बसला. आम्हालाही हातानं मागे सारलं. अडकलेला गोळा ढकलायचा नाही, ओढायचाही नाही. कागदाचा तो गोळा, आत दारू. घासला तर काय होईल ते सांगता येत नाही. हे मला माहीत होतं. एवढंच मला माहीत नव्हतं की ओल्या हवेत कागद फुगतो. लोखंड नाही फुगत हो. मी आयुष्यभर लोखंडच मोजलंय.

भार्गवी धावत आली. ड्रॉइंग काढलं. "शहात्तरच्या नळीत अडकतोय म्हणजे गोळे केवढे फुगलेत! ताता, रात्री गोदामात पाणी शिरलं का?"

एळुमलैला नीट ऐकू गेलं नाही. पण शांतवीरप्पा मागून आले होते, त्यांनी ऐकलं आणि म्हाताऱ्याच्या ऐकू येणाऱ्या कानात ओरडायला लागले. "ताडपत्री नीट बांधली नाहीस! चाळीस वर्षं काय केलंस? माल भिजवलास! एवढे पाहुणे येणार!"

म्हातारा मान हलवत होता. नाही, मालक. कोरडाच होता. मी झोपलोसुद्धा नाही.

आणि मी गप्प उभा. खरं तेच लिहितो. दहा मिनिटं मी गप्प उभा होतो. एक मन म्हणायचं, बोललास तर ह्या पोरीचा एकुलता एक कार्यक्रम तिच्या सख्ख्या भावानं घालवला असं होईल. दुसरं म्हणायचं, नाही बोललास तर तो म्हातारा कामावरून जाईल. आणि खाली कुठेतरी तिसरंही होतं, लाज वाटते पण सांगतो: माझं काम चुकलं असं म्हणायला जीभ वळत नव्हती. शांतवीरप्पा म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस तू." एळुमलै चपला शोधायला लागला.

"नळ्या शहात्तर नाहीत," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे वळले. मी भार्गवीकडेच बघत होतो.

"म्हणजे?" शांतवीरप्पा.

"ह्या चोवीस. मी घट्ट केल्या. ड्रॉइंग सैल वाटलं म्हणून. म्हाताऱ्याची चूक नाही, माझी आहे."

मला वाटलं आता ती ओरडेल. रडेल. आमच्या आईची मुलगी आहे, काहीतरी झोंबेल असं बोलेल. ती म्हणाली, "किती?"

"काय किती?"

"आतून किती ठेवल्यास?"

"साडेएकाहत्तर."

"सगळ्या?"

"सगळ्या."

तिनं ड्रॉइंगच्या मागे आकडा लिहिला. "सरी," म्हणाली आणि तंबूकडे चालायला लागली. त्यापेक्षा एक कानफटात बसली असती तर बरं झालं असतं.

शांतवीरप्पा तिच्या मागे. "आता कॉम्प्युटर बंद. छत्तीस हातानं लावू, पुढे-मागे झालं तर झालं. शेवटचं दीड मिनिट रिकामं राहील, राहू दे."

"सर, अर्धा तास द्या."

"अर्ध्या तासात चोवीस नळ्या कुठून आणणार तू?"

"नळ्या नको. आहेत त्या छत्तीसच बारा मिनिटांत परत मांडते. मैदानावरची एकही नळी हलवायची नाही, वायर हलवायची नाही. फक्त वेळा बदलायच्या."

शांतवीरप्पांनी घड्याळ बघितलं. साडेचार. "पाच वाजता मला पडद्यावर दाखव. आवडलं नाही तर हातानं."

तंबूत ती पडद्यासमोर, मी दाराशी. आत जायची हिंमत नव्हती. तिनं शेवटच्या चोवीस ओळी पुसल्या तेव्हा काळ्या आभाळाचा उजवा भाग नुसता रिकामा झाला. मग मधल्या गोळ्यांना एकेक करून उचलून उजवीकडे न्यायला लागली. इकडून काढला की इकडे भोक. तिकडे ठेवला की तरी थोडेच. अर्ध्यातच वीज गेली. बॅटरीच्या डब्यानं पीं पीं सुरू केलं. तो डबा वीस मिनिटं टिकतो हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. तिनं मान वर केली नाही. मी धावत जाऊन कारखान्याच्या जनरेटरवाल्याचे पाय धरायचे बाकी ठेवले. दिवे आले तेव्हा परत आलो, तर ती थांबलेली. बोटं कळांवर, पण हलत नाहीत.

"पुरत नाहीत," ती स्वतःशीच म्हणाली. "शेवट भरला की मध्ये अंधार पडतो. लोक उठतील."

एळुमलै तिच्या बाजूला जमिनीवर बसला होता, चपला अजून हातात. डावा कान तिच्याकडे. तो म्हणाला, "अम्मा, लोक अंधारात वीस आकडे बसतात. एकविसाव्याला चपला शोधतात."

भार्गवीनं त्याच्याकडे बघितलं. "नक्की?"

"चाळीस वर्षं मी वाती लावताना मोजतोय."

तिनं शेवटच्या ढोलाआधी अठरा सेकंद काळे ठेवले. पूर्ण काळे. त्या अठरा सेकंदांत एकटा नादस्वर. आणि वाचलेले सतरा गोळे त्याच्या पलीकडे एकदम. पाच वाजता शांतवीरप्पांनी पडद्यावर बघितलं. ते काळं आलं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. मग सतरा ठिपके उघडले. "सातला सुरू कर," एवढंच म्हणून गेले.

पण ते तीन गोळे तिथंच होते. काढता येत नव्हते. एळुमलैनं त्या तीन नळ्यांभोवती वाळूची पोती रचली, तोंडावर पत्रे ठेवले, पत्र्यांवर ओली गोणपाटं. म्हणाला, वरून जळकी ठिणगी पडून आत गेली नाही म्हणजे झालं. गेली तर तो गोळा वर नाही जाणार, तिथंच नळीत फुटेल. त्या नळ्यांपासून भार्गवीचा तंबू चाळीस पावलं. मी दोनदा चाललो, दोन्ही वेळा चाळीसच. शांतवीरप्पांनी तंबू मागे घ्यायला सांगितला, पण वायरी तेवढ्याच लांब होत्या. मग तंबूपुढेही पोती लावली. मी म्हटलं, मी तिथं नळ्यांपाशी उभा राहतो, बादली घेऊन. एळुमलैनं माझी कॉलर धरली. "एक चूक पुरे. इथं उभा राहा."

सात वाजले. भुरभुर थांबली होती. मैदान माणसांनी काळं झालेलं, लाल-पिवळी निशाणं. आई वासंतीअक्काबरोबर पुढच्या रांगेत बसलेली, तिला ह्यातलं काही माहीत नाही. भार्गवीनं कानात कापूस घातला आणि बटण दाबलं.

माझ्या बहिणीचा पहिला कार्यक्रम कसा दिसला ते तुम्हाला सांगायला मला फार आवडलं असतं. मला माहीत नाही. मी बघितलाच नाही. बारा मिनिटं मी ती तीन गोणपाटं बघत होतो. आभाळ लाल झालं की गोणपाटं लाल दिसायची, हिरवं झालं की हिरवी. लोक आ करायचे, मी ठिणग्या मोजायचो. एक इकडे पडली. विझली. एक पत्र्यावर पडून टप्पा खाऊन वाळूत गेली. सातव्या की आठव्या मिनिटाला एक मोठी, पेटलेल्या कागदाचा तुकडा, तरंगत तरंगत आली आणि मधल्या गोणपाटावर बसली. जळत राहिली. माझे पाय सुटलेच होते, एळुमलैनं दोन्ही हातांनी धरलं. मी म्हटलं, सोड, माझी बहीण तिथं आहे! उजव्या कानात ओरडत होतो, त्याला कुठं ऐकू येणार? कागद आखडला. काळा झाला. धूर सुटला. मग तोही बंद.

आणि अंधार झाला. तिचे ते अठरा सेकंद. नादस्वर एकटा. मी मोजत होतो, आणि मला माझ्या बाजूला एळुमलै मोजताना ऐकू येत होता, तमिळमध्ये. बाराला मागून कोणीतरी म्हणालं, मुगीतु, म्हणजे संपलं. पंधराला एक पोर रडलं. कोणी उठलं नाही. अठराला ढोल पडला आणि माझी गोणपाटं एकदम दिवसासारखी पांढरी झाली. मैदानातून जो आवाज आला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. हजारो माणसं एकदम श्वास घेतात त्याचा.

आई नंतर म्हणाली, "दामू, तो अंधार फार छान बसवला होता रे. माझा तर जीव गेला." मी म्हटलं, माझा पण.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही परत मैदानावर गेलो, भार्गवी, मी आणि एळुमलै. कार्यक्रम संपल्यावर बराच वेळ जाऊ देऊन त्यानं त्या तीन नळ्यांत पाणी भरून ठेवलं होतं. रात्रभर भिजून गोळ्यांचा लगदा झालेला. तो त्यानं हळूहळू बाहेर घेतला, ओल्या वाळूत पुरला आणि हात धुतले.

आठला शांतवीरप्पा आले. आधी एळुमलैजवळ गेले, बरोबर डाव्या बाजूला, आणि त्याच्या हातात पानाची पुडी दिली. त्यांच्यात माफी अशीच मागतात. मग भार्गवीला म्हणाले, "पंधरा जानेवारी, म्हैसूर रोडला एक लग्न आहे. मुलीच्या बापानं काल बघितलं. त्याला तो अंधार पाहिजे. खोली तुझी, एक तारखेपासून ये."

"हो, सर."

"पण नळ्या दुसरीकडून घेणार. ह्याच्याकडून नाही." माझ्याकडे बोटसुद्धा केलं नाही, नुसती हनुवटी.

मी भार्गवीकडे बघितलं. तिनं माझी बाजू घ्यावी असं वाटत होतं, नाही कशाला म्हणू? ती म्हणाली, "हो, सर. पण भरायच्या आधी प्रत्येक नळी मी स्वतः मोजणार."

बरोबर केलं तिनं. मी तिच्या जागी असतो तर एवढं बरोबर केलं नसतं.

चोवीस नळ्या आम्ही दोघांनी टेम्पोत चढवल्या. ती एका टोकाला, मी एका टोकाला. टेम्पो पीण्याच्या रस्त्याला लागला तेव्हा ती म्हणाली, "अण्णा, चूक माझीपण आहे. मी शहात्तर लिहिलं. शहात्तर का, ते लिहिलंच नाही. कागद फुगतो, जागा लागते, हे ताता मला पहिल्याच दिवशी बोलले होते."

मला वाईट वाटू नये म्हणून बोलत होती.

"लिहिलं असतंस तरी मी घट्टच केल्या असत्या," मी म्हणालो.

"माहितेय," ती म्हणाली. आणि कालपासून पहिल्यांदा हसली. "म्हणून तर यापुढे तुझ्याकडून नाही."